इंजिन नसलेली गाडी शंभरच्या स्पीडनं कशी पळते? सोलापूरकरांसाठी रोलर कोस्टरची गोष्ट

गड्ड्याची जत्रा संपली, होम मैदानावरचे आकाशपाळणे खोलायला लागले की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच विषय निघतो, आता खरी मोठी राइड करायची तर इमॅजिकाला जायचं का हैदराबादच्या वंडरलाला, आणि मग निम्मे जण म्हणतात आम्ही येतो पण रोलर कोस्टरमध्ये बसणार नाही, खाली उभं राहून तुमचे फोटो काढतो. का म्हणून विचारलं की सगळ्यांचं तेच, उलटं झाल्यावर पडलो तर, मध्येच बंद पडली तर, ब्रेक लागलाच नाही तर. हे प्रश्न बरोबरच आहेत, विचारायलाच पाहिजेत, पण त्यांना नीट उत्तरं आहेत आणि ती सायन्सची दहावी झालेल्या कुणालाही कळतील अशी आहेत. मला या विषयाचं लई वेड आहे म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

सुरुवात इंजिनपासून करू, कारण ते नसतंच. साध्या रोलर कोस्टरच्या गाडीत ना इंजिन, ना मोटर, ना स्टिअरिंग. मोटर असते ती खाली, पहिल्या चढावाला. ती एक जाडजूड साखळी फिरवते, साखळी गाडीला हुकनं धरून वर ओढत नेते आणि माथ्यावर सोडून देते, बस्स, मोटरचं काम संपलं. तिथून पुढं जे काय होतं, खाली पडणं, परत वर चढणं, उलटं होणं, पिळून निघणं, ते सगळं त्या पहिल्या उंचीच्या जोरावर. उंचीवर नेताना जी ऊर्जा साठवली तीच उतरताना वेग होते, आणि पुढचा चढ आला की तो वेग परत उंचीत जातो. यात दर वळणाला, दर चढाला थोडी ऊर्जा हवा आणि चाकांचं घर्षण खाऊन टाकतं, म्हणून पुढचे डोंगर पहिल्यापेक्षा ठेंगणे ठेवावे लागतात. कुठल्याही पार्कमध्ये साध्या साखळीच्या कोस्टरकडं लांबून बघा, सगळ्यात उंच तो पहिलाच.

वेग किती येणार हे घरी बसून काढता येतं. उंची मीटरमध्ये घ्या, २० नं गुणा, त्याचं वर्गमूळ काढा, आणि त्याला ३.६ नं गुणा, झाला ताशी किलोमीटर. इमॅजिकाची नायट्रो ही कोस्टर साधारण ४० मीटर उंच. ४० गुणिले २० म्हणजे ८००, वर्गमूळ २८ च्या वर काहीतरी, ३.६ नं गुणलं की शंभर-एकशेदोन. पार्क १०५ सांगतं, म्हणजे हिशेब जवळपास जुळला. यात गंमत अशी की गणितात वजन कुठंच आलं नाही, पैलवान बसो नाहीतर शाळेतलं पोर, कागदावर वेग तेवढाच. प्रत्यक्षात मात्र भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा जरा जोरात जाते कारण हवेचा अडथळा तेवढाच आणि रेटा जास्त. दुपारी पण गाडी सकाळपेक्षा जरा पळते, चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस गरम होऊन सैल झालेलं असतं.

अजून एक, वेग दुप्पट पाहिजे तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. म्हणूनच जगात वर ओढत नेऊन सोडायच्या कोस्टरला एक मर्यादा येते. अमेरिकेत ओहायोमध्ये सीडर पॉइंट नावाचं पार्क आहे, तिथली मिलेनियम फोर्स २००० साली सुरू झाली, ९४ मीटर उंच, वेग ताशी १५० च्या आसपास. आता याच्यापुढं जायचं तर पोलादाचा खर्च आणि जागा बघा किती लागेल. मग लोकांनी दुसरा रस्ता काढला, उंचीवरून सोडायच्या ऐवजी जमिनीवरूनच गाडीला ढकलून द्यायची, याला लाँच कोस्टर म्हणतात. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधली फॉर्म्युला रोसा २०१० पासून आहे, ती ५ सेकंदांच्या आत २४० चा वेग पकडते आणि पुढच्या रांगेतच नाही, सगळ्यांनाच डोळ्याला गॉगल लावायला देतात, कारण त्या वेगात डोळ्यात चिलट गेलं तरी इजा होते. वरचंच गणित उलटं लावा, २४० साठी नुसत्या उंचीवर अवलंबून राहिलं असतं तर सव्वादोनशे मीटरच्या आसपास मनोरा बांधावा लागला असता. फॉर्म्युला रोसाची उंची आहे फक्त ५२ मीटर.

न्यू जर्सीत किंगडा का म्हणून कोस्टर होती, २००५ ची, १३९ मीटर, कित्येक वर्षं जगातली सगळ्यात उंच. तिला हायड्रॉलिक लाँचनं, म्हणजे तेलाच्या दाबाच्या जोरावर, साडेतीन सेकंदांत २०६ पर्यंत न्यायचे. १३९ मीटर चढायला कागदावर १९० पुरे, वरचे १५-१६ हवा आणि घर्षणासाठी शिल्लक ठेवलेले. आणि ही शिल्लक कधीकधी कमी पडायची, वारा समोरून असला, थंडी असली, तर गाडी माथ्यापर्यंत जायची आणि जिथून आली त्याच बाजूनं मागं घसरत यायची. वाचायला भयानक वाटतं पण बनवणाऱ्यांनी हे धरूनच चाललेलं होतं, लाँचच्या ट्रॅकवर ब्रेकच्या पट्ट्या होत्या, गाडी पुढं निघताना त्या खाली दबायच्या आणि लगेच वर यायच्या, परत आलेली गाडी त्यांच्यात शिरून आपोआप थांबायची. मग दुसऱ्यांदा लाँच. ती कोस्टर २०२४ ला बंद केली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत स्फोटानं पाडली, व्हिडिओ बघताना मला मनापासून वाईट वाटलं, तिच्यात बसायचं राहूनच गेलं.

आता उलटं होण्याचा विषय. गड्ड्यात मौत का कुआँ बघितला नसेल असा सोलापूरकर नाही. मोटरसायकल उभ्या भिंतीवर पळते आणि पडत नाही, का, तर ती सरळ जायला बघते आणि गोल भिंत तिला सतत आत ढकलत राहते, त्या दाबामुळं टायर भिंतीला घट्ट चिकटतो. वेग कमी झाला की खाली घसरणार. लूपमध्ये पण हेच. गाडी लूपच्या माथ्यावर असते तेव्हा तिला सरळ निघून जायचं असतं, रुळ तिला वाकवून खाली आणतो, आणि सीट तुम्हाला. तुम्हाला डोकं खाली असून सुद्धा सीटमध्ये दाबल्यासारखंच वाटतं. चांगल्या वेगाच्या लूपमध्ये हार्नेस, म्हणजे अंगावर येऊन तुम्हाला सीटला अडकवणारी चौकट, अक्षरशः रिकामा बसून असतो, तुम्हाला धरून ठेवतो तो वेग. हार्नेसचं खरं काम असतं हळू पिळात, जिथं गाडी सावकाश उलटी होते आणि तुम्ही खरोखर लोंबकळता.

नीट बघितलं तर लूप पूर्ण गोल नसतो, उलट्या धरलेल्या पाण्याच्या थेंबासारखा असतो, म्हणजे वरचं वळण लहान आणि टाइट, खालचं मोठं आणि पसरट. यामागं लोकांच्या दुखावलेल्या माना आहेत. १८९५ ला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप रेल्वे म्हणून एक कोस्टर आली, लूप एकदम गोल आणि लहान. गोल लूपचा त्रास असा की माथ्यावर निसटू नये एवढा वेग ठेवायचा म्हटलं तर लूपमध्ये शिरताना शरीरावर वजनाच्या किमान ६ पट दाब येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६० किलोचा भार. फ्लिप फ्लॅपमध्ये तो १२ पटीपर्यंत जायचा असं सांगतात, लोकांच्या मानेला झटके बसायचे, काही वर्षांतच बंद पडली. पुढं जवळपास पाऊणशे वर्षं लूपच्या नादाला फारसं कुणी यशस्वीपणे लागलं नाही. १९७६ ला कॅलिफोर्नियात मॅजिक माउंटन पार्कमध्ये रेव्होल्यूशन आली, आंतोन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन लोकांचं काम. त्यांनी लूप खाली पसरट केला म्हणजे वेग जास्त असताना वळण सौम्य, आणि वर आवळला, म्हणजे वेग कमी असताना वळण टाइट. दाब सगळीकडं सोसवेल एवढा. आज जगात कुठंही लूप घ्या, याच विचारावर उभा असतो. माझ्या मते या सगळ्या इंडस्ट्रीतला सगळ्यात देखणा शोध हाच.

आणि पोटात गोळा येतो तो? माथ्यावरून गाडी खाली वळते, तुमचं शरीर मात्र अजून वर जायच्या तयारीत असतं, त्यामुळं क्षणभर सीटवरचा भार जातो, पोटातले अवयव पण जरा सैल तरंगतात आणि मेंदूला ते कळतं. कोस्टरवाले याला एअरटाइम म्हणतात आणि बरेच शौकीन लूपपेक्षा याच्यासाठीच पैसे देतात. मी पण त्यातलाच.

मग गाडी रुळावरून उडत का नाही? याचं उत्तर बघायला स्टेशनवर रांगेत उभं असताना खाली वाकून चाकं बघा. प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन जोड असतात, एक रुळाच्या वर पळणारा, एक बाजूला घासून जाणारा, आणि एक रुळाच्या खाली, पोटाशी. रुळ या तिघांच्या मिठीत असतो. खालचं चाक वरच्यापेक्षा बहुतेक वेळा लहान दिसतं, पण गाडी वर उसळायला बघते तेव्हा तेच धरून ठेवतं. अमेरिकेतल्या जॉन मिलर नावाच्या माणसानं १९१९ च्या सुमारास हे खालचं चाक पेटंट केलं आणि त्याच्यानंतरच कोस्टर खऱ्या अर्थानं तिरकस आणि खोल व्हायला लागल्या. चढताना जो खट् खट् खट् आवाज येतो ना, तो पण त्याच जमान्यातला. गाडीखालची एक कडी दातेरी पट्टीवर दर दाताला पडत जाते, साखळी तुटली तरी गाडी मागच्या दातावरच अडकणार, मागं घरंगळणार नाही. लोकांना त्या आवाजानं धडकी भरते, मला तो ऐकून हायसं वाटतं.

ब्रेकचं तर अजूनच भारी. गाडी थांबवायचे ब्रेक हवेच्या दाबानं उघडतात आणि दाब गेला की स्प्रिंगनं आपोआप बंद होतात, म्हणजे लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, पाइप फुटला, तर ब्रेक लागतो, सुटत नाही. बऱ्याच नवीन कोस्टरना चुंबकाचे ब्रेक पण असतात, तांब्याची किंवा अशाच धातूची पट्टी कायमच्या चुंबकांमधून वेगात जाते, तिच्यात वीज फिरते आणि ती गाडीला मागं ओढते. यात घासणारं काहीच नाही आणि बाहेरून वीज पण लागत नाही. फक्त वेग कमी होत गेला की चुंबकाची पकड पण कमी होत जाते, म्हणून शेवटी थांबवायला साधा ब्रेक लागतोच.

मध्येच बंद पडली तर काय, हे सोलापुरात समजवायला सगळ्यात सोपं कारण इथं घरटी नाही तरी गल्लीत एखादा रेल्वेवाला सापडतोच. रेल्वेत ब्लॉक असतो ना, एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, पुढचा रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला सिग्नल नाही, कोस्टरमध्ये तंतोतंत तीच पद्धत वापरतात आणि नाव पण ब्लॉकच. पुढची गाडी स्टेशनात अडकली, कुणाचा हार्नेस उघडायला वेळ लागला, तर कॉम्प्युटर मागच्या गाडीला चढावावर किंवा ब्रेकवर थांबवून ठेवतो. बातम्यांत येतं की रोलर कोस्टर हवेत अडकली, प्रवासी जीव मुठीत धरून, तेव्हा बहुतेक वेळा यंत्रणेनं आपलं काम केलेलं असतं. धोका होतो तो माणसानं यंत्रणेचं ऐकलं नाही की. इंग्लंडच्या अल्टन टॉवर्समध्ये जून २०१५ ला द स्माइलर नावाच्या कोस्टरवर कॉम्प्युटरनं गाडी थांबवली होती कारण पुढं एक रिकामी गाडी ट्रॅकवर अडकलेली होती, तिथल्या लोकांना वाटलं सिग्नल चुकीचा आहे, त्यांनी तो डावलून गाडी सोडली आणि टक्कर झाली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला, कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. हे मी घाबरवायला सांगत नाही, पार्क निवडताना मशीनइतकंच तिथली शिस्त बघा म्हणून सांगतोय. राइडवर काम करणारं पोरगं हार्नेस खाली ओढून, परत वर उचलून बघतं का, दोन्ही बाजूंनी तपासून मगच अंगठा दाखवतं का, उंचीच्या पट्टीवर कमी भरणाऱ्या लेकराला आईबापानं कितीही गयावया केली तरी नाही म्हणतं का. ज्या पार्कमध्ये नाही म्हणतात त्या पार्कमध्ये मी निर्धास्त बसतो. ती उंची वयासाठी नसते, हार्नेस अंगाला बरोबर बसावा म्हणून असते.

आणि खरंच प्रत्येकानं बसायची ही गोष्ट नाही. हार्टचा त्रास, बीपी, मणक्याचं दुखणं, मानेचं ऑपरेशन, गरोदरपण, यापैकी काही असेल तर बाहेर थांबणं शहाणपणाचं. जपानच्या फुजी-क्यू पार्कमध्ये दो-दोदोन्पा म्हणून कोस्टर होती, १.५६ सेकंदात १८० चा वेग, तिच्यात काही जणांची हाडं मोडल्याचं समोर आलं आणि २०२१ ला ती थांबवली, पुढं कायमचीच बंद झाली. बसल्यावर डोकं मागं टेकवून ठेवायचं, पुढं वाकून मोबाइल शोधायचा नाही, हे त्यासाठीच सांगतात.

आता आपल्या जवळचं. सोलापूरची जागा याबाबतीत मस्त आहे, पुणे-हैदराबाद हायवेवर आपण बरोबर मध्ये. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुण्याच्या पुढं खोपोलीजवळ इमॅजिका, आणि उलट्या दिशेला नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत हैदराबादच्या रिंग रोडला रविर्यालचं वंडरला. दोन्हीकडं सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर पडतं. मुंबईच्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड, जिथं १९८९ पासून आपल्या राज्यातल्या कितीतरी लोकांनी पहिली मोठी राइड केली, ते आता बंद आहे.

इमॅजिका २०१३ ला सुरू झालं आणि नायट्रो ही तिथली राणी. स्वित्झर्लंडच्या बी अँड एम कंपनीची, जगातली एक नंबरची मानली जाणारी कंपनी. ५ वेळा उलटी होते. आणि ती फ्लोअरलेस आहे, तुम्ही बसता, खांद्यावरून हार्नेस खाली येतो, त्याचा छोटा पट्टा खाली अडकवतात, आणि मग पायाखालची जमीनच खाली सरकते, पाय हवेत लोंबकळतात, खाली फक्त रुळ. पहिल्यांदा बसणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. तिथंच डीप स्पेस पण आहे, अंधारातली लाँच कोस्टर, पुढचं वळण दिसत नाही म्हणून शरीर तयारच होत नाही आणि त्यामुळं कमी वेग पण जास्त वाटतो. इमॅजिकाचं वॉटर पार्क वेगळ्या तिकिटाचं, हे आधी लक्षात घ्या.

वंडरला हैदराबाद २०१६ चं, तिथं एकाच तिकिटात पाण्याच्या आणि कोरड्या दोन्ही राइड, म्हणून लेकरं, आजी-आजोबा सगळे असतील तर मी हैदराबादच सांगतो. तिथली रिकॉइल बघितली की वरचं सगळं फिजिक्स डोळ्यांनी दिसतं. बूमरँग प्रकारची कोस्टर आहे, गाडीला उलट्या दिशेनं एका मनोऱ्यावर ओढत नेतात, तुम्ही खाली जमिनीकडं तोंड करून लटकता, आणि सोडून देतात. ती स्टेशनातून सुसाट जाते, उलटीपालटी होते, समोरच्या दुसऱ्या मनोऱ्यावर चढते, आणि माथ्याच्या जरा अलीकडं दमते. बरोबर तिथं दुसरी साखळी तिला पकडून उरलेलं अंतर वर ओढते. ते उरलेलं अंतर म्हणजे हवेनं आणि घर्षणानं खाल्लेली ऊर्जा, डोळ्यांसमोर मोजून दाखवलेली. मग तोच सगळा रस्ता उलट्या दिशेनं, म्हणजे ३ वेळा जाताना आणि ३ वेळा येताना उलटं.

एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडं कोरड्या राइड सकाळीच उरकून घ्या, दुपारी उन्हात हार्नेस आणि सीट चटका देतात, सोलापूरकर असलात तरी. गेट उघडल्या उघडल्या सगळे जवळच्या राइडला गर्दी करतात, तुम्ही सरळ मोठ्या कोस्टरकडं चला. पोट रिकामं नको आणि गच्च पण नको, इडली खाऊन बसा, बिर्याणी संध्याकाळी. मळमळत असेल तर डोळे मिटू नका, पुढच्या रुळाकडं बघत राहा, डोळ्याला आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला एकच गोष्ट कळाली की त्रास कमी होतो. चष्म्याला दोरी, मोबाइल लॉकरला.

सीट कुठली घ्यायची? नायट्रोसारख्या कोस्टरमध्ये पुढच्या रांगेत सगळं दिसतं, वारा तोंडावर येतो, पण माथ्यावर गाडी सावकाश वळते आणि पुढचे लोक उतारावर लटकत थांबतात, कारण मागचा निम्मा भाग अजून चढतोय. मागच्या रांगेतल्यांना मात्र पुढच्या भागानं झटक्यात ओढून घेतलेलं असतं, ते माथा ओलांडतात तेव्हा वेग चांगला वाढलेला असतो, त्यामुळं एअरटाइम पाहिजे तर शेवटची रांग. घाबरत असाल तर मधली घ्या, दोन्हीतलं थोडं थोडं मिळतं. रिकॉइलमध्ये हिशेब जरा बदलतो, पहिल्या मनोऱ्यावर शेवटची रांग सगळ्यात उंच जाते आणि दुसऱ्यावर पहिली, म्हणून तिथं रांग छोटी असेल तर एकदा पुढं बसा, एकदा मागं.